कशेडीहून माणदेशाकडे: एका दिवसाची वाट

रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील कशेडी घाटात उभे राहून पूर्वेकडे दृष्टी टाकली असता पोलादपूरच्या पलीकडे महाबळेश्वराची जी अजस्र भिंत आभाळाला भिडलेली दिसते, ती पायी चढून त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गाडीने माणदेशाच्या उजाड माळावर पोहोचणे, हे महाराष्ट्रातील एकदिवसीय साहसांपैकी सर्वांत बोधप्रद साहस आहे, असे माझे मत आहे.

पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावातून पहाटेच्या अंधारातच निघावे, चंद्रगड बाजूला ठेवून रानात शिरावे, बहिरीच्या घुमटीपाशी थोडे टेकावे आणि अखेरचा चढ संपवून आर्थर सीटचा कडा गाठावा. ही चढण अकराशे-बाराशे मीटरची आहे. पाठीवरील ओझ्यासह पंचाहत्तर किलो वजन इतके वर नेण्यास सुमारे २१० किलोकॅलरी पुरेशा असल्या, तरी स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चतुर्थांशच कामी लावतात. उरलेली उष्णता होते, आणि ती शरीराबाहेर टाकण्याचा मुख्य उपाय म्हणजे घाम. परंतु घाम वाहून नव्हे, वाळून अंग निववतो. सावित्रीच्या खोऱ्यातील दमट हवेत तो वाळत नाही, सदरा पाठीला चिकटतो, थेंब भुवयांवरून टपकत राहतात आणि अंग तापतच जाते.

याच बाष्पाने पावसाळ्यात सह्याद्रीचे भाग्य ठरते. अरबी समुद्रावरून आलेला वारा या भिंतीपाशी वर ढकलला जातो, वरच्या विरळ हवेत प्रसरण पावून थंडावतो, आणि त्याला न पेलणारे बाष्प पाऊस होऊन कोसळते. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला अवघ्या वीसेक किलोमीटरवरील पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच असलेल्या माणदेशातील दहिवडीच्या परिसरात पाचशेच्या आसपास. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरास चोवीस तासांतच ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, म्हणजे माणदेशाची वर्षाची बेगमी एका दिवसात. त्याच अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपुरातील केवनाळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, हे या वाटेने जाणाऱ्याने विसरू नये.

भिंतीपलीकडे उतरणारा वारा मात्र दबून तापतो, दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी, आणि तापला की कोरडा होतो. माणदेश शास्त्रीय अर्थाने वाळवंट नव्हे, अर्धशुष्क मुलूख आहे. तरीही हिरडा, जांभूळ आणि अंजनीच्या सावलीतून सकाळी आलेल्या प्रवाशाला बाभळी, खुरटे गवत आणि मेंढ्यांचे कळप पाहून आपण निराळ्याच प्रांतात आल्याचा प्रत्यय येतो. येथे घाम फुटताक्षणी वाळतो, सदऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ तेवढे उरतात, आणि पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही.

म्हणून ज्यांना ही वाट करावयाची असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडावेत, पावसाळ्यात या रानात पाऊलही घालू नये, ढवळ्यातील जाणता वाटाड्या सोबत घ्यावा, आणि घाट ओलांडल्यावर तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी पीत राहावे.