एक्स-रे साफ, तरी तपास थांबवू नका

एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला लागतो, ताप उतरत नाही, वजन घटतं. बेडका तपासला जातो, छातीचा एक्स-रे निघतो. दोन्ही ठीक आले की घरचे निर्धास्त होतात. या निर्धास्तपणात जीव जातात, म्हणून आधी त्याबद्दल.

‘एक्स-रे स्वच्छ, म्हणजे टीबी नाही.’

टीबीत फुप्फुसात पडणाऱ्या पोकळ्या एकट्या जंतूंनी केलेल्या नसतात. प्रतिकारशक्ती जंतूंशी झुंजते, त्यात फुप्फुसाची हानी होते आणि ती एक्स-रेवर दिसते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी फार घटल्या की ही झुंजच मंदावते, पोकळी पडत नाही. मग बेडक्यातही जंतू कमी उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. म्हणजे प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या रुग्णाचेच अहवाल निर्दोष येऊ शकतात!

म्हणून सीबीनॅट तपासणी हवी. ती जंतूंचा जनुकीय अंश शोधते, त्यामुळे थोडे जंतूही पकडते. यंत्रात नमुना घातल्यावर सुमारे २ तासांत निकाल येतो आणि टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतील का, हेही कळतं. रुग्ण गंभीर असेल किंवा सीडी-४ फार कमी असेल, तर लघवीची ‘लॅम’ चाचणीही उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये तिची शिफारस केली. मात्र यातली कोणतीही चाचणी नकारात्मक आली म्हणून टीबी नाहीच, असं ठरत नाही. लक्षणं टिकून असतील तर डॉक्टरांनी पुढे शोधत राहायला हवं.

‘दोन आठवडे खोकला झाला, तरच तपासायचं.’

एचआयव्ही असेल तर इतकं थांबू नये. कितीही दिवसांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यांपैकी एकही पुरे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, देणाऱ्या केंद्रात हे चार प्रश्न विचारतात तेव्हा रांगेला कंटाळून ‘नाही, नाही’ म्हणू नका.

‘खोकला म्हणजे टीबीच.’

साधा न्यूमोनियाही असतो, आणि सीडी-४ २००च्या खाली गेलं की न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचाही. १९८१मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांमध्ये हाच आजार आढळला आणि एड्सची पहिली वैद्यकीय नोंद झाली. यात खोकला कोरडा असतो आणि जिना चढताना धाप लागते. सुरुवातीला एक्स-रे साफही असू शकतो, पण चालवल्यावर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा घसरतो. बेडका पडत नसल्याने खारट पाण्याची वाफ देऊन किंवा दुर्बिणीने नमुना घ्यावा लागतो. संशय दाट असेल तर डॉक्टर निकालाची वाट न पाहता कोट्रायमॉक्साझोल सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

‘एआरटीने खोकला वाढला, म्हणजे गोळ्या बाधल्या.’

बरेचदा उलट असतं. प्रतिकारशक्ती सावरते, दडलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि लपलेला टीबी तेव्हा उघड होतो. गोळ्या मनाने बंद करू नका. लगेच एआरटी केंद्र गाठा आणि जुना एक्स-रे सोबत न्या. नवा त्याच्याशी ताडून पाहता आला, तर काय बदललं ते डॉक्टरांना लवकर उमगतं.