खुर्ची मापाची आहे का?

केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून दिव्यांगांना साधनं देते. पण व्हीलचेअर मिळणं आणि ती अंगाला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर-सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. मोजमाप आणि जुळवणी त्यांतच येतात. घाईत नेमक्या याच वगळल्या जातात, हे मला फार खटकतं.

सगळं कमरेपासून सुरू होतं. बैठक जास्त खोल असली तर तिची कड गुडघ्यामागे रुतते. मग माणूस पुढे सरकतो, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि श्वासही अपुरा पडतो. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची बाजू यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. पाय ठेवायच्या पट्ट्या फार वर असल्या की मांड्या उचलल्या जातात आणि सारा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो. संवेदना नसलेल्या व्यक्तीला तिथली जखम कळतही नाही.

उशी पुरते का, हे हातानं तपासता येतं. बसण्याच्या हाडाखाली, उशीवर बोटं सरकवा. टोकं थोडी वर-खाली हलायला हवीत. घट्ट चिमटली तर उशी बदला. उशीच्या खोळीकडेही लक्ष हवं. सोलापूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. रेक्झिनच्या उशीवर घाम साचून कातडी मऊ पडते, म्हणून वर सुती खोळ घाला आणि ती रोज बदला. मुलांची मापं तर दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात.