निवृत्तीनंतर गावाला: चार समजुती तपासून घ्या

लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावातल्या वाड्यांत, दादरच्या जुन्या इमारतींत साठी ओलांडली की ‘आता गावाला जाऊन निवांत राहू’ हा विषय निघतोच. मूळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं असेल तर हमखास. ही ओढ खरी आहे आणि रास्तही. पण तिच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही जातात आणि त्या म्हातारपणी फार महाग पडतात.

त्यातली सगळ्यात धोक्याची म्हणजे, ‘इथली खोली कुलूप लावून ठेवू, आपलीच तर आहे.’ पागडीच्या खोलीत आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 प्रमाणे, दाव्याआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरात नसेल, तर मालकाला ती रिकामी करून मागता येते. भाडं नियमित भरलं तरी हा मुद्दा सुटत नाही. चाळ पुनर्विकासाला निघालेली असेल, तर आयुष्यभराची कमाई अशा एका कुलपापायी अडकू शकते. मुलगा-सून तिथंच नांदत असतील तर खोली वापरात आहे. कुणीच राहणार नसेल, तर निघण्याआधी वकिलाला भेटा.

दुसरी समजूत गावाकडच्या कागदाची. ‘सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे जमीन माझी.’ सातबारा ही महसुली नोंद आहे. ती खोटी ठरत नाही तोवर खरी धरतात, पण मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. घरपट्टीची पावतीही मालकी सिद्ध करत नाही. कोकणात एकेका सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांची मोठी रांग असते, काही नावं वारलेल्या माणसांची. घर बांधायला काढलं की हे सगळे हिस्सेदार आठवतात. म्हणून वारसनोंद आणि वाटणी हातपाय धड आहेत तोवर उरकून घ्यावी. आणि गावात जमीनच नसेल, तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम 63 तसं सांगतं.

‘गावात माणसांना काय तोटा?’ तोटा आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत तेव्हा दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायला गडी शोधावा लागतो, तो याचमुळे. आपण गाव पाहतो ते मे महिन्यात आणि गणपतीत, म्हणजे सगळी चाकरमानी मंडळी घरी असताना. नंतर वाडीतली निम्मी घरं बंद होतात.

‘गावाला डॉक्टरच नाही’ हेही आता सरसकट खरं नाही. डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते. फरक अंतराचा आहे. परळकराला केईएम चालत गाठता येतं. वाडीतून रात्री डांबरी रस्त्यावर यायलाच वेळ जातो. हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर आधी हेच मोजा. पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र मुंबईला यायची गरज नाही, तो पोस्टातूनही होतो.

एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. पतीसाठी ते जन्मगाव असतं, पत्नीसाठी सासर. तिच्या मैत्रिणी, भजनी मंडळ, ओळखीचा बाजार, नातवंडं सगळं मुंबईत. तिला हे मनापासून हवं आहे का, हे सामान बांधण्याआधी विचारायला हवं. तिची तयारी असेल तर दोघांनी आधी जून ते ऑगस्ट गावच्या घरात राहून पाहावं, आणि खोलीचा, सातबाऱ्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.