ऑसिलोस्कोपला पत्ता देताना

ऑसिलोस्कोपच्या पाठीमागचा लॅन पोर्ट पुष्कळदा रिकामाच राहतो. आलेखाचे चित्र पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि संगणकावर नेऊन उघडायचे, असेच चालते. एक केबल जोडली तर तीच मोजमापे प्रोग्रॅम रात्रभर घेत राहील. घोडे अडते ते नेटवर्कच्या सेटिंगपाशी.

युटिलिटी मेनूत लॅनचे पान उघडले की पहिला प्रश्न येतो: पत्ता आपोआप घ्यायचा की हाताने द्यायचा? आपोआप म्हणजे डीएचसीपी. उपकरण चालू होताच नेटवर्ककडे पत्ता मागते आणि सहसा राउटर तो देतो. कुणीच उत्तर दिले नाही, तर एलएक्सआय हे लॅनवरच्या मोजमाप-उपकरणांसाठीचे मानक पाळणारी उपकरणे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. त्यामुळे प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर असताना पडद्यावर १६९.२५४ दिसले, तर उपकरण बिघडले असे समजू नये. डीएचसीपीचे उत्तर पोचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी केबल आणि पोर्टवरचा दिवा बघावा. लॅपटॉप आणि ऑसिलोस्कोप एकाच केबलने थेट जोडले असतील तर मात्र हाच पत्ता कामाला येतो. दोघेही त्याच पट्ट्यातले पत्ते घेतात. फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

हाताने पत्ता देताना सबनेट मास्ककडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. समोरचा आपल्याच नेटवर्कवर आहे की बाहेरचा, हे प्रत्येक यंत्र मास्कवरून ठरवते. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे जुळणारे सगळे त्याच्या शेजारचे. ऑसिलोस्कोपला १९२.१६८.१.५० दिले की काम झाले. १९२.१६८.१०.५० दिले, तर लॅपटॉप त्याला बाहेरचा समजून निरोप गेटवेकडे, म्हणजे नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराकडे, धाडतो आणि तो तिथेच हरवतो. याहून फसवी चूक म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळे मास्क. लॅपटॉपवर २५५.२५५.०.० असेल तर १९२.१६८.१०.५० त्याला शेजारीच वाटतो, त्यामुळे निरोप पोचतो. पण ऑसिलोस्कोपवर २५५.२५५.२५५.० असल्याने त्याच्या लेखी लॅपटॉप परका ठरतो आणि उत्तराला परतीची वाट सापडत नाही. लोक केबल बदलत बसतात, आणि दोष असतो मास्कमध्ये.

दिलेला पत्ता दुसऱ्या कुणाकडे नसावा. पिंग करून बघावे, पण त्यावर विसंबू नये, कारण बंद ठेवलेले उपकरण उत्तर देत नाही. माझे स्पष्ट मत असे की, राउटर आपल्या हातात असेल तर उपकरण डीएचसीपीवरच ठेवावे आणि त्याच्या मॅक पत्त्यासाठी राउटरमध्ये एक पत्ता राखून ठेवावा. पत्ता कायमचा राहतो आणि सगळ्यांची नोंद एकाच जागी असते.

गेटवेचा रकाना रिकामा सोडता येत असेल, तर प्रयोगशाळेबाहेर न जाणाऱ्या उपकरणासाठी तो खुशाल रिकामा सोडावा. कारण उपकरणांना आज्ञा देण्याची एससीपीआय ही भाषा पासवर्ड विचारत नाही. नेटवर्कवरचा कुणीही पॉवर सप्लायचे व्होल्टेज बदलू शकतो, आणि त्याला जोडलेले सर्किट जळू शकते. अशी उपकरणे खुल्या नेटवर्कवर कधीही ठेवू नयेत.

बदल केल्यावर अप्लाय दाबायला विसरू नये; काही उपकरणे बंद करून पुन्हा चालू करावी लागतात. मग लॅपटॉपचे वायफाय बंद करून पिंग करावे, कारण वायफायही त्याच पट्ट्यात असले तर निरोप भलत्याच वाटेने जातो. त्यानंतर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उपकरणाचे पान उघडते का बघावे आणि शेवटी प्रोग्रॅमकडे वळावे. थेट सॉकेटने बोलायला अनेक उपकरणे ५०२५ हा पोर्ट वापरतात, रिगोलची ५५५५. पहिली आज्ञा ओळख विचारणारी द्यावी: तारांकन, आयडीएन आणि प्रश्नचिन्ह. उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती स्वल्पविरामांनी जोडून येते. टेबलावर एकाच मॉडेलची दोन उपकरणे असतील, तर हा अनुक्रमांक मागच्या लेबलाशी ताडून बघावा, आणि मगच आउटपुट चालू करणारी आज्ञा पाठवावी.