वजन किती, यापेक्षा वजन कोठे?

स्वयंपाकघरात कणीक मळून तयार असेल, तर एक छोटासा प्रयोग करून पाहावा, अशी वाचकांना आमची विनंती आहे. मुलांच्या दप्तरातील फूटपट्टी घ्यावी. कणकेचे दोन सारखे गोळे तिच्या मध्यभागाच्या दोहों बाजूंना अगदी जवळ बसवावेत आणि पट्टी मध्ये धरून मनगटाने झपाट्याने उजवी-डावीकडे वळवावी. मग तेच गोळे दोन्ही टोकांशी नेऊन पुन्हा तसेच करावे. कणीक तीच, पट्टी तीच, वजनात गुंजभरही फरक नाही. पण या खेपेस मनगटाला चांगलाच नेट लावावा लागतो, आणि फिरू लागलेली पट्टी थांबवतानाही तीच गत.

फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत वजन किती, एवढेच विचारून भागत नाही. ते आसापासून किती दूर आहे, हेही विचारावे लागते. अंतर दुप्पट झाले की फिरण्याला होणारा विरोध चौपट होतो, तिप्पट झाले की नऊपट. या विरोधास शास्त्रज्ञ जडत्वाचे परिबल म्हणतात. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचे खालचे मोठे चाक पाहा. त्याचे बरेचसे लोखंड कडेला असते. म्हणूनच पाय क्षणभर मंदावला तरी सुई अडत नाही.

ही गोष्ट विद्वानांना नवी नव्हती. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने फिरणाऱ्या घन वस्तूंचे नियम मांडून ठेवले होते. तरीही 1958 साली एका कृत्रिम उपग्रहाने जाणत्यांनाही चकित केले.

31 जानेवारी 1958 रोजी अमेरिकेने आपला पहिला उपग्रह, एक्स्प्लोरर-1, अवकाशात सोडला. तो सुमारे दोन मीटर लांब, अवघा पंधरा सेंटिमीटर जाड आणि चौदा किलोग्रॅम वजनाचा होता. म्हणजे एखाद्या भल्या मोठ्या पेन्सिलीसारखा. त्याला लांबीच्या आसाभोवती मिनिटाला सुमारे साडेसातशे फेरे देण्यात आले होते. तो तसाच फिरत राहील, अशी अपेक्षा होती. परंतु काही तासांतच तो आडवा होऊन, फेकलेल्या काठीप्रमाणे टोकावर टोक असा गरगरू लागला.

त्याला धक्का तर कोणी दिला नव्हता! मग हे घडले कसे? उपग्रहाच्या अंगाला तारांसारख्या चार लवचीक एरियल होत्या. फिरताना त्या किंचित वाकत, सरळ होत, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडे. बाहेरून कोणी अडवले नाही तर फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग कायम राहतो. ऊर्जा मात्र अशी आतल्या आत झिजू शकते. आता संवेग तोच ठेवून कमीत कमी ऊर्जेत फिरायचे, तर वजन आसापासून जास्तीत जास्त दूर हवे. लांबट वस्तूला ते टोकावर टोक फिरूनच साधते. एक्स्प्लोररने नेमके तेच केले. ऑयलरचे नियम चुकले नव्हते. उपग्रह पूर्ण ताठ आहे, हे गृहीत तेवढे चुकले होते.

सुदैवाने कार्य वाया गेले नाही. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांचा पहिला सुगावा व्हॅन ॲलन यांना याच उपग्रहावरील उपकरणाने दिला. त्याचे संदेश 23 मे 1958 रोजी थांबले, आणि 31 मार्च 1970 रोजी तो वातावरणात शिरून नष्ट झाला. धडा मात्र मागे राहिला. स्वतःभोवती फिरवून स्थिर राखायचे पुढचे अनेक उपग्रह ढोलकासारखे आखूड आणि रुंद घडवले गेले, म्हणजे वजन मुळातच आसापासून दूर राहील. 19 एप्रिल 1975 रोजी अवकाशात गेलेला आपला पहिला उपग्रह, आर्यभट, तोही असा फिरता; पण त्याचा आकार पेन्सिलीचा नव्हे, सव्वीस पैलूंच्या गोळ्याचा होता.

चौदा किलोच्या त्या उपग्रहाने जे शिकवले, त्याचा पहिला पाठ कणकेच्या दोन गोळ्यांतही आहे. मुलांनी तो स्वतःच्या मनगटाने शिकावा. गोळ्यांच्या पोळ्या नंतर लाटता येतीलच!