चाड्यावरची मूठ आणि कलती चकती

परभणीचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्याच्या घरात शिरलं ते बियाण्याच्या पिशवीतून. भेंडीची परभणी क्रांती, ज्वारीची परभणी मोती आणि अलीकडची परभणी शक्ती, सोयाबीनचा एमएयूएस ७१. ही नावं जिंतूरपासून पालमपर्यंत कुणालाही विचारा, तोंडपाठ असतात. इथे घडलेल्या एखाद्या अवजाराचं नाव विचारलं की मात्र माणसं एकमेकांकडे बघतात. बियाणं दिसतं, उगवतं, हमीभावाला जातं. ते जमिनीत पाडणारी यंत्रणा कुणाच्या लक्षात राहत नाही. संपादकांना खरं तर ड्रोनवर लेख हवा होता. मी बैलांपाशी अडकलो.

इतिहास थोडक्यात. परभणीत कृषी महाविद्यालय १९५६पासून होतं. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते आणि त्याच वर्षी पावसाने महाराष्ट्राला दगा दिला. नाईकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ मध्येच सुरू झालं होतं. कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय यायला १९८६ उजाडावं लागलं. देशात कृषी अभियांत्रिकीचं पहिलं पदवी शिक्षण १९४२ मध्ये अलाहाबादला मेसन वॉ या अमेरिकन मिशनरी इंजिनिअरने सुरू केलं होतं आणि त्याचंही बरंचसं डोकं बैलाच्या नांगरातच गुंतलेलं असे.

परभणीच्या महाविद्यालयात सीईटीतून प्रवेश मिळतो आणि चार वर्षांनी बी.टेक. पदवी. पुढे एम.टेक. आहे. विषय ऐकले तर एका छपराखाली चार कॉलेजं असावीत असं वाटतं: ट्रॅक्टर आणि अवजारं, मृद व जलसंधारण, सिंचन आणि निचरा, काढणीनंतरची प्रक्रिया, अपारंपरिक ऊर्जा. यातला निचरा बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो. दुष्काळाच्या मुलखात पाणी काढून टाकायला कसलं शिकायचं? पण जायकवाडीचा डावा कालवा आणि पूर्णा प्रकल्पाचं पाणी खोल काळ्या रानात आलं की काही वर्षांत चिबड आणि क्षार वर येतात. पाणी देणं आणि पाणी काढणं हे परभणीत एकाच शास्त्राचे दोन भाग आहेत.

ड्रोनही आहेत. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून, म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने, विद्यापीठात डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं: यंत्रमानव, ड्रोन, स्वयंचलित गाड्या. सध्याचे कुलगुरू डॉ. इन्द्र मणि स्वतः कृषी अभियंते आहेत, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत त्या विभागाचे प्रमुख होते. आणि याच विद्यापीठात अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं एक केंद्र पशुशक्तीच्या वापरावर काम करतं. त्याचं समन्वयन भोपाळहून होतं. तिथला विषय एका वाक्यात सांगता येतो: बैलाकडून किती काम घ्यावं आणि कसं?

हे मोजतात हेच मला ठाऊक नव्हतं. बैलजोडी आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के ओढ दिवसभर सहन करते. जोडीचं वजन नऊशे किलो धरलं तर नव्वद ते एकशे आठ किलोची ओढ, तासाला दोन-अडीच किलोमीटरच्या चालीने. हिशेब साधारण दोन-तृतीयांश ते एक अश्वशक्तीपर्यंत जातो. जू आणि अवजार यांच्यामध्ये ओढमापक अडकवतात. मग बैलाचे छातीचे ठोके, श्वास, अंगाचं तापमान बघतात. तोंडाला फेस आला का, जीभ बाहेर पडली का, पाय अडखळतात का, याला गुण देतात. थकव्याची गुणपत्रिकाच म्हणा. जुना सालगडी हे सगळं बैलाच्या कानांवरून ओळखायचा, पण त्याला कुणी तक्ता मागितला नव्हता. देवणी आणि लालकंधारी या इथल्याच जाती. त्यांच्या अंगाला बसेल असंच अवजार घडवायचं, असा सगळा खटाटोप. टोकण, कोळपणी, फवारणी ही कामं बैलचलित अवजारांनी करायची. शिवाय घाण्यासारखं गोल फिरवून गिअरपेटीतून कडबा कापायचा. बैल मिनिटाला दोन-अडीच फेरे घेतो, कापणीयंत्राला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो. तो वेग गिअर देतात.

पण मला धरून ठेवलं ते टोकण यंत्राच्या चकतीने.

तिफणीवर चाड्यात बी सोडणारी मूठ आठवा. बहुधा बाईची. बोटांच्या फटीतून बी सारखं सुटत राहायला हवं, बैल दचकला तरी. ही मूठ सगळ्यांना साधत नाही, आणि साधणाऱ्या बायका आता कमी होत चालल्या आहेत. यंत्र तेच काम एका कलत्या चकतीवर सोपवतं. चकतीच्या कडेला खाचा असतात. खाली बियाण्याच्या पेटीत बुडालेली खाच एक दाणा उचलते, तो वर नेते आणि नळीत टाकते. चकती फिरते ती जमिनीवरून धावणाऱ्या चाकाच्या साखळीवर. म्हणजे बैल हळू चालला तर चकती हळू, थांबला तर बीही थांबलं. मोटार नाही, सेन्सर नाही. सोयाबीनची चकती वेगळी, तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. खाच मोठी झाली की दोन दाणे, लहान झाली की दाणा चिरडला. सोयाबीनच्या बियांचं साल इतकं पातळ की जरा घासलं तरी उगवण पडते. या चकतीत मला जी हुशारी दिसली ती ड्रोनमध्ये दिसली नाही, हा कदाचित माझा जुनाटपणा असेल.

आता हीच चकती काळ्या जमिनीत चालवा. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि भिजली की फुगते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं विद्यापीठच सांगतं. तेवढा पाऊस झाला की रानात पाय घालता येत नाही. मग वाफसा येतो, चार दिवस, कधी दोनच. त्या दिवसांत चाकाला चिखल चिकटला की चाक घसरतं, चाक घसरलं की चकती थांबते, आणि मागे तासात रिकामी जागा राहते जी आठ दिवसांनी दिसते. रुंद वरंबा आणि शेजारी सरी ही पद्धत याच मातीसाठी आहे: जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, ताण पडला तर वरंब्यात ओल टिकते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने, तीही १९७२चीच, ही पद्धत सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी बसवली. दीड मीटरचा साचा होता आणि तो पाडायला बैलांनी ओढायचा चाकांचा गाडा. गाडा कामाचा होता, पण महाग होता, जड होता, एका जोडीच्या शेतकऱ्याला परवडत नव्हता. १९८८ मध्ये पॉल स्टार्की यांनी जगभरच्या अशा गाड्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘परिपूर्ण झाली तरी नाकारलेली’ असा होतो. पद्धत टिकली. आज रुंद सरी वरंबा मराठवाड्यात होतो तो ट्रॅक्टरच्या मागे.

परभणीची काळजी वाटते ती इथेच. राज्यात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर आहे, २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार. एवढ्या रानासाठी बैलजोडी वर्षभर पोसायची? वैरण महागली, सालगडी मिळत नाही. त्यात २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे थकलेल्या बैलाचा बाजार बसला. म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा हा जुना हिशेब मोडला. शेतकरी भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो आणि वाफशाच्या त्या चार दिवसांत गावातल्या दोन ट्रॅक्टरांमागे सगळ्यांची रांग लागते. ज्याचा नंबर पाचव्या दिवशी, त्याच्यासाठी बैलाचं यंत्र आजही शहाणपणाचं आहे. पण ते यंत्र बनवणार कोण? विद्यापीठ नमुना करतं, प्रात्यक्षिक दाखवतं. पुढे एखाद्या कारखानदाराने ते घेऊन शंभर नग करायला हवेत. अनुदानाच्या यादीत जायचं तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असते. बैलाच्या अवजारात नफा थोडा, मग लोहाराने किंवा छोट्या वर्कशॉपने हे सगळं कशासाठी करावं?

आणि जी मुलं हे शिकतात ती? बरीचशी स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांत जातात. २०२३च्या सुरुवातीला राज्यभरच्या कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, कारण लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेत त्यांच्याच विषयाला जागा आक्रसली होती. स्वतंत्र कृषी अभियांत्रिकी संचालनालयाची त्यांची मागणी होती. मध्य प्रदेशात तसं संचालनालय आहे. ही मागणी मला नोकऱ्यांपुरती वाटत नाही. तालुक्याला एक अभियंता असला तर निदान तो पेरणीआधी चकत्या तपासेल, चाकाला चिखल खरवडायची पट्टी बसवेल, कुठल्या गावात किती यंत्रं कुजून पडली आहेत याची यादी करेल. सध्या मृग तोंडावर आला आणि सोनपेठच्या एखाद्याची तुरीची चकती हरवली तर त्याला चाड्यावर मूठ धरणारी बाई शोधावी लागते. तीही आता साठीपुढची असते, आणि गावात तिला चार ठिकाणांहून निरोप आलेले असतात.