पांढऱ्या रश्श्याशेजारी तांबडी वाइन

रंगाला रंग जुळतो म्हणून तांबड्या रश्श्याशेजारी तांबडी वाइन मांडली, ही माझी पहिली चूक. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मामांकडे रविवारचा बेत होता. मी मोठ्या कौतुकाने दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पापची बाटली उघडली. मामांनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली, वर वाइनचा घोट घेतला आणि घाम पुसत म्हणाले, "लेका, आगीत रॉकेल वतलंस की रं!"

मामांचं खरं होतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जीभ आधीच पेटलेली असते, अल्कोहोल ती जळजळ वाढवतं आणि या वाइनमध्ये ते १४-१५ टक्के असतं. भरीला टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. मात्र घासात मटणाची चरबी असली की त्याची धार बोथट होते.

शातोनफ-द्यु-पाप म्हणजे पोपची नवी गढी. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहायचे, त्यांची ही उन्हाळ्यातली जागा. ग्रेनाश, सिरा, मुर्वेद्र धरून द्राक्षांच्या १३ जाती इथे चालतात. गाव मोठं मजेशीर. १९५४ साली तिथल्या महापौरांनी उडत्या तबकड्यांना द्राक्षमळ्यांत उतरायला बंदी घालणारा हुकूम काढला! तबकड्यांनी तो आजवर पाळलाय.

पण माझा जीव अडकलाय तो सिरामध्ये. आपल्याकडे हिलाच शिराझ म्हणतात. या वाइनला येणारा मिरीचा वास ही रसिकांची कविकल्पना नव्हे. मिरीत जे रोटंडोन नावाचं गंधद्रव्य असतं, तेच या द्राक्षाच्या सालीत सापडतं. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. खलबत्त्यात चार मिरे ठेचा, वास घ्या आणि लगेच पेल्यात नाक घाला. आम्हीही तसंच केलं. मामांना काही वास लागेना. जन्मात वाइनला न शिवलेल्या मामी मात्र हुंगून म्हणाल्या, "ह्यात मिरी हाय की!"

तिथेच मला पांढरा रस्सा आठवला. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, मिरी. लाल तिखटाचं नाव नाही. नारळाचा स्निग्धपणा टॅनिनला मऊ करतो, मिरी मिरीला ओळखते.

फ्रान्सची बाटली परवडत नसेल तरी अडत नाही. नारायणगावात शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात वाइन बनवायला सुरुवात केली, २००० साली नाशिकची सुला आली, पुढे अकलूजची फ्रातेली. सुलाच्या एका शिराझचं नावच 'रासा' आहे. कोल्हापूरकराने आणखी काय मागावं?

आता पुस्तकं तांबडी वाइन ज्यावर प्यायला सांगतात ते 'खोलीचं तापमान'. ती खोली फ्रान्समधली, १६-१८ अंशांची. आपल्या माजघरात वाइन कोमट होते आणि अल्कोहोल थेट नाकात चढतं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, खुशाल.

माझा कौल सांगतो. पहिला घोट पांढऱ्या रश्श्यावर, दुसरा कमी तिखट सुक्क्यावर. तांबडा रस्सा आला की पेला बाजूला सारा आणि दहीकांदा जवळ ओढा.